लेव्हल १४ ते २१: एका सेव्ह फाइलचं प्रकरण

एका व्हिडिओ गेमची सेव्ह फाइल (खेळ कुठवर आलाय याची नोंद) बदलण्याची ही गोष्ट. नावं बदलली आहेत आणि गेमचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. बाकीचे आकडे खऱ्या फाइलमधले आहेत.

पार्श्वभूमी

मीनल सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरीला आहे. घरात दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. कॉलेजात असताना तिला आरपीजी गेम्सचा (पात्रं हळूहळू बळकट करत गोष्ट पुढे नेणारे गेम्स) नाद होता. लग्नानंतर तो सुटला आणि दोनेक वर्षांपूर्वी पुन्हा लागला. खेळायची वेळ ठरलेली: रात्री सगळं आवरल्यावर पाऊण तास. त्याहून जास्त जागलं तर सकाळच्या डब्यांचं गणित बिघडतं.

सेलमध्ये तिने एक छोटा इंडी गेम घेतला. एकाच माणसाने आरपीजी मेकर एमव्हीवर बनवलेला. हे सॉफ्टवेअर २०१५ साली आलं आणि तेव्हापासून हौशी लोकांनी त्यावर ढीगभर गेम्स काढलेत. कथा उत्तम, संवाद खुसखुशीत, चार पात्रांची टोळी. पहिले तीन अध्याय मीनलने आवडीने खेळले. गेममध्ये सोपा मोड नव्हता.

तिचा भाचा निनाद पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या प्रकरणातलं तांत्रिक काम त्याने केलं. मी मधल्या टप्प्यावर आलो, निनादचे दोन प्रयत्न फसल्यावर.

अडचण

चौथ्या अध्यायाच्या तोंडावर एक दलदल आहे आणि दलदलीच्या पलीकडे बॉस, म्हणजे सगळ्यांत तगडा शत्रू. मीनलची टोळी तिथे पोचली तेव्हा चौघंही लेव्हल १४ वर होते. बॉसचा सगळ्यांवर एकदम पडणारा वार दुसऱ्याच फेरीत टोळी आडवी करायचा. सगळ्यांना एकदम बरं करणारी विद्या हाताशी असल्याशिवाय तिथे टिकाव लागणं अवघड होतं.

झुंज जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साठले की लेव्हल चढते. डेव्हलपरने, म्हणजे गेम बनवणाऱ्याने, या अनुभवाचा आलेख आरपीजी मेकरमध्ये मुळात असतो तसाच ठेवला होता. त्या आलेखात लेव्हल १४ ला एकूण १४,३२२ अनुभव लागतो, लेव्हल २० ला ४०,८९९ आणि लेव्हल २१ ला ४७,१६१. मीनलचा आकडा होता १५,१००. दलदलीतल्या एका झुंजीला सरासरी १८० मिळायचे. म्हणजे लेव्हल २१ गाठायला पावणेदोनशेहून जास्त झुंजी. चालणं, औषधं, परत गावात जाऊन झोपणं धरून झुंजीला दोन मिनिटं म्हटली तरी सहा तास. रात्रीच्या पाऊण तासात बसवायचं तर आठ रात्री तेच बेडूक आणि तेच सरडे.

शिवाय गावातल्या संघाने दलदलीतले तीस सरडे मारायचं काम दिलेलं. ते झाल्याशिवाय पुढची नाव (होडी) मिळत नाही. मीनलचे सात झाले होते.

तिने निनादला फोन करून म्हटलं, ‘मला पुढची गोष्ट बघायचीय रे. हे सरडे नाही मारवत.’

कोणते पर्याय होते

सरळ ग्राइंड करणं, म्हणजे त्याच त्या झुंजी खेळून लेव्हल वाढवणं, हा एक. मीनलने दोन रात्री तो करून पाहिला. दुसऱ्या रात्री माउस हातात असतानाच डुलकी लागली.

गेम सोडून शेवट यूट्यूबवर बघणं हा दुसरा. तिला तो अजिबात पटला नाही, कारण तिसऱ्या अध्यायात तिने एका पात्राला माफ केलं होतं आणि त्याचं पुढे काय होतं ते तिला स्वतःच्या खेळात बघायचं होतं. दुसऱ्या कुणाची पुढच्या अध्यायातली सेव्ह फाइल उतरवून घेणंही त्याच कारणाने बाद झालं.

निनादने ट्रेनर सुचवला, म्हणजे गेम चालू असताना मेमरीतले आकडे बदलणारी छोटी एक्सई फाइल. हा पर्याय मीनलने एका वाक्यात मारला: ‘या लॅपटॉपवर माझं नेटबँकिंग आहे.’ माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

राहिला सेव्ह फाइलमध्ये हात घालण्याचा मार्ग. इथे ‘ही चीटिंग नाही का?’ हा प्रश्न मीनलनेच काढला. तो गेमगणिक बदलतो. जिथे दुसरा माणूस समोर आहे तिथे उत्तर साफ आहे: २०२३ मध्ये योकोहामाला झालेल्या पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत बाहेरून बनवलेले पोकेमॉन सापडल्याने काही खेळाडूंना फटका बसला, आणि ‘तयार करायला वेळ फार जातो’ ही सबब तिथे चालली नाही. जपानमध्ये तर २०१८ च्या कायदादुरुस्तीनंतर सेव्ह डेटा बदलायची साधनं विकणं किंवा पैसे घेऊन ते काम करून देणं बेकायदा ठरलं. पण मीनलचा गेम ऑफलाइन, एकटीने खेळायचा, गुणांची कुठली यादी नाही, कुणाशी स्पर्धा नाही. आणि ग्राइंड टाळायची सोय मोठ्या कंपन्याही आता स्वतःहून देतात. ब्रेव्हली डिफॉल्ट या गेममध्ये वाटेत शत्रू किती भेटावेत हे खेळणाराच ठरवू शकत होता. फायनल फँटसीच्या पिक्सेल रीमास्टर मालिकेच्या २०२३ मधल्या कन्सोल आवृत्त्यांत अनुभव चौपट करता येतो. मीनलच्या गेममध्ये ती कळ नव्हती, एवढंच.

ठरलं ते असं: फाइल बदलायची, पण मूळ सेव्हला हात लावायचा नाही.

प्रत ठेवण्याचा घोळ

हे ठरवणं सोपं, करताना पहिली ठेच इथेच लागली. गेममध्ये सेव्ह ठेवायच्या क्रमांक दिलेल्या जागा असतात, त्यांना खण म्हणू. निनादने पहिल्या खणातल्या फाइलची नक्कल करून तिला पाचव्या खणाचं नाव दिलं. गेम उघडला तर पाचवा खण रिकामा. आरपीजी मेकर एमव्ही कोणत्या खणात काय आहे याची नोंद एका वेगळ्या ग्लोबल फाइलमध्ये ठेवतं. तिथे नोंद नसेल तर फोल्डरात फाइल असूनही गेमला ती दिसत नाही.

मग सोपी युक्ती केली. मीनलने गेममध्येच जाऊन पाचव्या खणात सेव्ह केलं, गेम बंद केला आणि ती फाइल निनादला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. पुढचे सगळे प्रयोग पाचव्या खणात झाले. पहिला खण शेवटपर्यंत तसाच राहिला, आणि त्याचा उपयोग एकदा नाही, तीनदा झाला.

पहिला प्रयत्न: लेव्हल ५०

ही सेव्ह फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अर्थहीन अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसते. घाबरायचं कारण नाही, ते कुलूप नव्हे. आत साधा जेसन मजकूर (नावं आणि आकडे लिहायची एक पद्धत) असतो, तो एलझेड-स्ट्रिंग पद्धतीने दाबून बेस६४ मध्ये लिहिलेला असतो. तो उलगडणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, गेमच्याच फोल्डरात पडलेली असते. निनादने मात्र पहिल्यांदा ब्राउझरमध्ये चालणारा एक तयार एडिटर वापरला. त्यात प्रत्येक पात्रापुढे ‘लेव्हल’ असा रकाना होता. त्याने चौघांच्या रकान्यात १४ पुसून ५० लिहिलं.

‘आत्या, एकदाच ५० करून टाकलंय, आता शेवटपर्यंत बघायलाच नको.’

मीनलने गेम उघडला. मेनूमध्ये लेव्हल ५०, सगळी बळं दणदणीत वाढलेली. खात्री करावी म्हणून तिने आधी दलदलीतल्या एका बेडकाशी झुंज घेतली. एका फटक्यात बेडूक गार. झुंज संपली, मेनू उघडला, तर चौघंही पुन्हा १४ वर. कसली सूचना नाही, आवाज नाही.

कारण इंजिनाच्या, म्हणजे आरपीजी मेकरच्या, हिशोबात आहे. प्रत्येक झुंजीनंतर ते नवा अनुभव जमा करतं आणि मग दोन गोष्टी तपासतं: अनुभव पुढच्या लेव्हलला पुरेसा असेल तर वर चढव, आणि आताच्या लेव्हलला अपुरा असेल तर खाली उतरव. फाइलमध्ये लेव्हल ५० होती पण अनुभव १५,१००. बेडकाचे १८० धरून १५,२८०, आणि एवढ्यात लेव्हल १४ च बसते. चढताना गेम वाजतगाजत सांगतो, उतरताना गप्प राहतो.

हे मी नंतर समजावलं तेव्हा मीनल निनादला म्हणाली, ‘पासबुकावर शिल्लक वाढवून लिहिलीस होय? खात्यात जमा कुठे केलीस?’ यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

(बेडकाला न छेडता ती थेट बॉसकडे गेली असती तर त्या एका झुंजीपुरती लेव्हल ५० टिकली असती आणि बॉस मेला असता. निनादला याची हळहळ अजून आहे.)

किती वाढवायचं

पहिला प्रयत्न फसला ते बरंच झालं, कारण त्यामुळे खरा प्रश्न पुढे आला. निनादचा आग्रह ५० चा होता. मीनलचं म्हणणं, मग मी खेळायचं कशाला? तिला बॉसशी लढायचं होतं, फक्त त्याआधीची हमाली नको होती.

मग आकडा कुठून आणायचा? अंदाजाने ‘३० करू’ म्हणणं सोपं होतं, पण निनादने इथे चांगलं डोकं चालवलं. एमव्हीच्या गेममध्ये चित्रं आणि आवाज बऱ्याचदा कुलूपबंद असतात, डेटाच्या फाइली मात्र सहसा उघड्या असतात. पात्रांच्या वर्गांची (योद्धा, वैद्य असे प्रकार) फाइल त्याने वाचली. कोणती विद्या कितव्या लेव्हलला मिळते ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. वैद्य पात्राला सगळ्यांना एकदम बरं करणारी विद्या लेव्हल २० ला मिळत होती. म्हणजे बॉसचा तो वार बेतताना डेव्हलपरने टोळी विशीच्या आसपास असेल असं धरलं होतं. त्यावर एक लेव्हल जास्त घेऊन २१ ठरली.

दुसरी गोष्ट मीनलने काढली. त्या झुंजी खेळल्या असत्या तर अनुभवाबरोबर पैसेही मिळाले असते. लेव्हल २१ आणि अंगावर लेव्हल १४ ची चिलखतं, असं ध्यान झालं असतं. झुंजीला सरासरी २५ नाणी मिळत होती, म्हणून फाइलमध्ये साडेचार हजार नाणी वाढवायची ठरली. दुकानातली सर्वांत महाग तलवार त्यात येत नव्हती. निनाद म्हणाला, नऊ लाख टाकू. मीनल म्हणाली, जेवढे मिळाले असते तेवढेच.

दुसरा प्रयत्न: दोन्ही आकडे

आता निनादने लेव्हल आणि अनुभव दोन्ही बदलले. लेव्हल २१, अनुभव ४७,५००. टोळीतल्या योद्ध्याचा वर्ग कथेत एकदा बदलला होता, त्यामुळे त्याच्या नावापुढे अनुभवाचे दोन आकडे होते. अनुभव पात्राच्या नव्हे, वर्गाच्या क्रमांकाखाली लिहिलेला असतो. निनादने बरोबर चालू वर्गाचा आकडा बदलला. चुकून जुन्या वर्गाचा बदलला असता तर योद्धा पहिल्याच झुंजीनंतर घसरला असता.

बेडूक मारला. लेव्हल २१ वर टिकली. सगळे खूश. मीनल बॉसपुढे जाऊन उभी राहिली, वैद्याची यादी उघडली, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती विद्याच यादीत नाही.

हा सापळा पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. इंजिन विद्या शिकवतं ते लेव्हल चढण्याच्या क्षणी: १५ ला चढताना १५ ची, १६ ला चढताना १६ ची. आपणच २१ लिहून ठेवली तर मधल्या पायऱ्या कुणी चढलंच नाही. पुढे २२, २३ च्या विद्या मिळतील, पण १५ ते २१ मधल्या आपोआप कधीच मिळणार नाहीत. तीन अध्याय असेच पुढे खेळून गेल्यावर हे लक्षात आलं असतं तर मागे फिरणं महाग पडलं असतं.

तिसरा प्रयत्न: फक्त अनुभव

इथे फाइल माझ्याकडे आली. निनाद नसलेल्या विद्यांचे क्रमांक हाताने यादीत घालायला निघाला होता. ते जमतं, पण चार पात्रं, प्रत्येकाचा वर्ग वेगळा, आणि एखादा क्रमांक चुकला तर भलतीच विद्या अंगाला चिकटते.

मी वेगळं सुचवलं: लेव्हल १४ च ठेवायची. अनुभव तेवढा ४७,००० लिहायचा. बाकीचं एका बेडकावर सोडायचं.

मीनलने फाइल उघडली तेव्हा पात्राच्या माहितीत लेव्हल १४ होती आणि ‘पुढच्या लेव्हलसाठी’ या ओळीत उणे २९,४४१. लेव्हल १५ ला लागतात १७,५५९, त्यातून ४७,००० वजा. ‘हे बघून माझ्या पोटात गोळा आला,’ असं ती म्हणाली, ‘आमच्याकडे असा आकडा दिसला तर ऑडिट लागतं.’ मग झुंज. १८० जमा होऊन ४७,१८० झाले, लेव्हल २१ ची ४७,१६१ ची रेघ ओलांडली गेली, आणि गेमने प्रत्येक पात्राच्या नावाने लेव्हल २१ जाहीर करून नव्या विद्या ओळीने सांगितल्या. सामूहिक उपचाराची विद्या त्यात होती.

एक बारकावा राहतो. कमाल एचपी (पात्राच्या जिवाचे गुण) वाढतं, पण हातातलं एचपी पूर्वीचंच राहतं, त्यामुळे सगळे अर्धमेले दिसतात. बिघाड नाही, सराईत जाऊन एक रात्र झोपलं की भरून निघतं.

तीस सरडे

सरड्यांची मोजणी एका व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायची जागा) होती. व्हेरिएबलांची नावं सिस्टिमच्या डेटा फाइलमध्ये असतात, त्यावरून निनादने ते शोधलं आणि ७ च्या जागी ३० लिहिलं. संघाच्या मुखियाने ढिम्म दाद दिली नाही. एक सरडा मारला, ३१ झाले, तरी नाही.

डेव्हलपरने तपासणी ठेवली होती ती सरडा मरण्याच्या क्षणी: आकडा वाढव, आणि तो बरोबर ३० असेल तर काम पूर्ण झाल्याचा स्विच चालू कर. आपण ३० लिहिले तेव्हा कुणी तपासलं नाही, आणि पुढच्या सरड्याला आकडा ३१ झाला होता.

निनाद म्हणाला, सरळ स्विचच चालू करतो. मी नको म्हटलं. त्याच घटनेत आणखी दोन स्विच आणि नाववाल्याचा प्रवेश बांधलेला होता. एक चालू केला आणि दुसरा राहिला तर नाव मिळेल पण नाववाला नसेल, आणि अशी अर्धवट अवस्था कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पहिल्या खणातून नवी प्रत घेतली, अनुभव आणि नाणी पुन्हा लिहिली, सरडे २९ केले. मीनलने बेडूक मारला, मग एकट्या फिरणाऱ्या एका सरड्याला गाठून मारलं. नाव मिळाली.

निकाल

बॉसने मीनलला दोनदा हरवलं. लेव्हल होती, विद्या होती, सराव नव्हता. सामूहिक उपचार कोणत्या फेरीला वापरायचा, विष कधी उतरवायचं, हे एरवी दलदलीतल्या झुंजींत हाताला बसलं असतं. तिसऱ्या वेळी ती जिंकली, आणि ही झुंज तिच्या मते अख्ख्या गेममधली सर्वांत चांगली होती. लेव्हल ५० वर ती एका फटक्यात संपली असती.

पाचव्या अध्यायात पुन्हा तसाच एक चढ आला. तिथे तिने अनुभव बदलला, नाणी बदलली नाहीत. एका दुर्मिळ अंगठीसाठीही एकदा फाइल उघडली आणि न बदलता बंद केली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘अंगठी मिळाली असती की नाही हे मला माहीत नाही. अनुभव मिळालाच असता.’ ही सीमारेषा मला पूर्ण पटत नाही, पण तिची आहे. ज्याला माफ केलं होतं त्या पात्राचं पुढे काय झालं ते तिने पाहिलं आणि गेम पूर्ण केला.

काय वेगळं करता आलं असतं

आकडा आधी ठरवून मग फाइल उघडली असती तर पहिला प्रयत्न वाचला असता. ५० हा आकडा कशावरूनही आलेला नव्हता, तो रकान्यात मावत होता म्हणून आला.

प्रत्येक बदलानंतर एकच झुंज खेळून मेनूतली तीन पानं बघायला हवी होती: लेव्हल, विद्यांची यादी, सामान. दुसऱ्या प्रयत्नात फक्त लेव्हल बघितली गेली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. तिसऱ्या प्रयत्नात अनुभव, नाणी आणि सरडे एकाच वेळी बदलल्यामुळे मुखिया का बोलत नाही हे शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

थोडं ग्राइंड ठेवलं असतं तरी चाललं असतं, असं मीनलला आता वाटतं. ४३,४०० लिहून शेवटच्या वीस-बावीस झुंजी ती खेळली असती, तर बॉसपुढे हात शिवशिवत गेली असती. एका रात्रीचं काम होतं.

आणि डेव्हलपरला आधीच लिहायला हवं होतं. सरड्यांच्या त्या तपासणीत फाइल न बदलणारेही अडकू शकत होते: एका झुंजीत दोन सरडे मेले की आकडा दोनने वाढायचा, आणि कुणाचे २९ असताना अशी जोडी भेटली तर ३० येतच नाही. मीनलने हे त्याला मेल करून कळवलं, आपल्याला ते कसं सापडलं हेही लपवलं नाही. त्याने आभार मानले, आणि पुढच्या अपडेटमध्ये ‘बरोबर ३०’ च्या जागी ‘३० किंवा जास्त’ आलं.